चौथं बांडगूळ

रामदासपेठेतल्या त्या बंगल्यात आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी जमायचो, आणि चहा ओतताना काकू स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं मोजणी करायच्या. "तीन बांडगुळं आन एक कॉलेजवाला. चार चहा." मग ट्रे येऊन टेबलावर आदळायचा. त्यात तीन कप-बशा असत आणि एक स्टीलचा पेला. पेला माझा.

तीन बांडगुळं म्हणजे काकूंचे यजमान, होमिओपॅथीचे एक डॉक्टर आणि एक शिंपी. बंगला काकूंच्या वडिलांचा होता, त्यामुळे यजमानांना त्या यादीतून सूट नव्हती. उलट त्यांचंच नाव पहिलं. हे तिघे ड्रुइड होते. म्हणजे निदान व्हायच्या वाटेवर होते. मी त्या वाटेच्या तोंडाशी, पेला हातात धरून.

ड्रुइड म्हणजे काय हे सत्तरच्या त्या दशकात नागपुरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आजही फारसं असेल असं मला वाटत नाही. इंग्लंडात पुष्कळ शतकांपूर्वी झाडांना देव मानणारे पुरोहित होते, त्यांना ड्रुइड म्हणत. त्यांनी लिहून काहीच ठेवलं नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी कुणालाही काहीही म्हणायची सोय झाली, आणि तिकडच्या काही सज्जनांनी आपल्या काळात तो पंथ पुन्हा सुरू केला. पोस्टानं. पत्र पाठवलं की निळ्या पाकिटातून धडे यायचे, सायक्लोस्टाइल केलेले, धड्याच्या शेवटी प्रश्न. काकूंचे यजमान सर्वेक्षण खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर रद्दीतल्या एका विलायती मासिकात त्यांना तो पत्ता सापडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी कागदावर उतरवल्या, आता स्वतःसाठी काहीतरी शोधायचं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं. सांगताना ते पेन्सिलीला टोक करत होते. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात तीन पेन्सिली असत.

मी तिथं पोचलो तो फुलपँटमुळे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. भिवापूरच्या पुढं आमचं गाव, घरी मिरचीची शेती. शाळा पायजम्यावर निभावली, पण कॉलेजात दीड वर्ष पायजमा घालून काढल्यावर वर्गातल्या मुलांनी मला 'महाराज' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी सीताबर्डीच्या गल्लीत एका शिंप्याकडे माप द्यायला गेलो. दुकानात दांडीवर तीन पांढरे झगे टांगले होते. घोट्यापर्यंत लांब, बाह्या घंटेसारख्या.

"डॉक्टरांचे आहेत का?" मी विचारलं.

"एक डॉक्टराचा आहे. पण दवाखान्यातला नाही," शिंपी म्हणाले. "हे झाडवाल्याइचे कपडे. शिवता शिवता मी बी त्याइच्यातच गेलो. तू काय शिकून राहिला?"

"बी.एस्सी. बॉटनी."

त्यांनी ओठांत धरलेली टाचणी काढून हातात घेतली. "मंग इतके दिवस होता कुठं गा तू?"

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. दीड वर्षात नागपुरात मला असं कुणी विचारलं नव्हतं. खानावळवाला विचारायचा, पण तो जेवणाच्या खाड्यांबद्दल.

पुढच्या गुरुवारी मी गेलो. पहिला नियम असा की तिथं सगळे एकमेकांना 'बंधू' म्हणत. वय, जात, हुद्दा दाराबाहेर. डॉक्टर शिंप्यांना बंधू म्हणत, शिंपी डॉक्टरांना. मला हे फार आवडलं आणि अजिबात जमलं नाही. घरचे यजमान माझ्या वडिलांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना नुसतं बंधू म्हणायला माझी जीभ वळेना. काका म्हटलं तर नियम मोडतो. शेवटी मी 'बंधूकाका' म्हणू लागलो. ते पहिल्यांदा ऐकून डॉक्टरांच्या बशीतला चहा सांडला. बंधूकाकांनी मात्र वहीत बघून गंभीरपणे सांगितलं, "दीक्षा होईपर्यंत चालेल."

दीक्षा. तोच शब्द माझ्या मनात बसला. दीक्षा झाली की मी त्यांच्यातला होणार होतो. तोवर मी नुसता बसणारा. प्रार्थनेच्या वेळी तिघे वर्तुळ करत आणि मी वर्तुळाबाहेर खुर्ची धरून उभा राहायचो. खरं सांगायचं तर मला ड्रुइडांच्या देवाचं काय ते नीट कळत नव्हतं. पण हे शिकलेले, टेबल-खुर्चीवर बसणारे लोक मला विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तरासाठी थांबत. आमच्या प्रोफेसरांनीही कधी थांबायची तसदी घेतली नव्हती.

पहिली अडचण झाडाची होती. ड्रुइडांचं झाड म्हणजे ओक. नागपुरात ओक नाही. त्याच्या जागी कुठलं झाड धरावं यावर माझ्या आधी तीन महिने चर्चा झाली होती. वडाला बायका सूत गुंडाळतात, म्हणून तो बाद. पिंपळावर मुंजा असतो, म्हणून डॉक्टर घाबरले. शेवटी अंगणातला कडुनिंब ओक ठरला. पण शेजारपाजारचे लोक रोज सकाळी त्याच ओकाच्या काड्या मोडून दात घासत, त्याला काही इलाज नव्हता.

शिवाय प्रार्थना अशी होती: "हे ओक! हे ओक! हे प्राचीन ओक!" तिघे हात वर करून, घशातून.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा. "कोणाले ओक म्हणून राहिले? पोटात काही असंन त ओकंन ना तो!"

"अगं, वृक्षाचं नाव आहे ते," बंधूकाका म्हणायचे.

"नाव बदला मंग. आत्ता जेवण झालं लोकाचं."

दुसरी अडचण मॅजिकची. तिसऱ्या धड्यात मॅजिक होतं, आणि धडे मराठीत आणायचं काम बंधूकाकांनी माझ्यावर टाकलं होतं. मी 'जादू' लिहिलं. ते म्हणाले, जादू म्हणजे टोपीतून ससा. मी 'मंत्रतंत्र' लिहिलं. डॉक्टर म्हणाले, पोलीस येतील. मलाही ते नकोच होतं, कारण आमच्या गावात जादू या शब्दाचा अर्थ एकच: तिठ्यावर ठेवलेलं लिंबू, त्याला टोचलेल्या टाचण्या, आणि मग कुणाच्या तरी म्हातारीवर संशय. शेवटी मॅजिकला मॅजिकच ठेवलं. त्या धड्याचा प्रयोग म्हणजे झाडाला मिठी मारून, डोळे मिटून, ते बोलेपर्यंत थांबायचं. शिंपी वीस मिनिटं थांबले.

"काही बोललं का?" आम्ही विचारलं.

"बोललं ना. म्हणे, मुंगळे हायेत, सरक."

मॅजिकचं हे असं असल्यामुळे घरी मी यातलं काहीही कळवलं नव्हतं. पोरगा नागपुरात जादू शिकतो आहे असं कळलं असतं तर आई तशीच उठून एस.टी.त बसली असती.

दिवाळीनंतर सातवा धडा आला आणि त्यात दीक्षेचा विधी होता. त्यासाठी एक पवित्र वनस्पती लागते, मिसलटो. ती जमिनीत उगवत नाही, आकाशातही नाही. ती झाडावरच, अधांतरी वाढते. डिसेंबरात, दिवस सगळ्यांत लहान असतो तेव्हा, पांढऱ्या वस्त्रातल्या ड्रुइडानं झाडावर चढून ती सोन्याच्या विळ्यानं कापायची, आणि खाली चार बंधूंनी पांढरं कापड धरून ती झेलायची. जमिनीला स्पर्श झाला तर तिची शक्ती गेली. ती मिळाली तरच दीक्षा, नाही तर पुढच्या वर्षी.

"आपल्याकडे बॉटनी आहे," बंधूकाका माझ्याकडे बघून म्हणाले. "शोधा."

डॉक्टरांनी आपल्या पेटीतून एक चिमुकली बाटली काढली. त्यांच्याकडे मिसलटो होतं, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांत, चक्कर येण्यावर देत.

"गोळी विळ्यानं कशी कापणार?" बंधूकाकांनी विचारलं. डॉक्टरांनी बाटली परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. जाड पुस्तक काढलं, कूळ शोधलं, चित्र पाहिलं, आणि ग्रंथपालांनी शूऽ करावं इतक्या जोरात हसलो. त्या चित्राला मी लहानपणापासून ओळखत होतो. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आंब्याची अकरा झाडं आहेत आणि त्या सगळ्यांवर ते आहे. वडील दर वर्षी त्याला शिव्या देत काढतात, आणि दर वर्षी ते परत येतं. पक्षी फळ खातो, चिकट बी फांदीला पुसतो, आणि तिथं दुसऱ्याच्या रसावर ते टम्म फुगतं.

बांडगूळ.

आता हे मी गुरुवारी कसं सांगणार? की बंधूकाका, तुमची पवित्र वनस्पती म्हणजे तुम्हीच? काकूंनी हे ऐकलं असतं तर तो पंथ त्याच संध्याकाळी बंद पडला असता, आणि माझी दीक्षा त्याच्याबरोबर. मी दोन दिवस विचार केला. मग एका आयुर्वेदाच्या कोशात त्याचं संस्कृत नाव मिळालं: वंदाक.

"वंदाक!" बंधूकाकांचे डोळे भरून आले. "वंदन करण्याजोगा! बघा, आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होतं." त्यांनी तो शब्द वहीत तीनदा लिहिला, सुंदर, नकाशावरच्या अक्षरांसारखा. त्याची व्युत्पत्ती तशी आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली. माझ्या हातून घडलेली ती पहिली लबाडी.

दुसरी लबाडी पोस्टकार्डावर झाली. वंदाक कुठं मिळेल असं विचारल्यावर मला आमच्या धुऱ्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. मी घरी लिहिलं: 'येत्या बावीस तारखेला नागपूरहून तीन साहेब बांडगूळ काढण्यासाठी आपल्या शेतावर येत आहेत. सोबत मी आहे. जेवणाचे पाहावे.' यातला शब्द न् शब्द खरा होता. मला त्याचा अभिमानही वाटला.

सोन्याच्या विळ्याचा प्रश्न निघाला तेव्हा काकूंनी बजावलं, "माह्या पाटल्याइकडं पाहू नका." मग घरातल्या गवताच्या विळ्याला सोनेरी ऑइलपेंट दिला. दोन हात दिले. धारेवरही.

बावीस तारखेला सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. झगे शिंप्यांच्या पिशवीत, विळा वर्तमानपत्रात, मांजरपाटाचं कापड माझ्या मांडीवर. उमरेड गेलं, भिवापूर आलं. पुढच्या फाट्यावर उतरलो तर वडील बैलबंडी जुंपून उभे. धुतलेलं धोतर, टोपी. त्यांच्यामागे गावातले आठ-दहा जण. माझं पोस्टकार्ड मास्तरांनी चावडीसमोर वाचून दाखवलं होतं.

वडिलांनी बंधूकाकांना वाकून नमस्कार केला. "या साहेब. तीन साल झाले अर्ज देऊन. सरकारले जाग आली म्हणायची."

वडिलांनी बांडगुळासाठी शेतकी खात्याला अर्ज दिला आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पण बंधूकाका पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत होते. त्यांच्या तोंडून सवयीनं उत्तर गेलं, "हो. सरकारी काम, वेळ लागतोच."

मी बंडीत बसलो. मागून चालणाऱ्या एकानं विचारलं, "साहेब, माह्याबी मोहाच्या झाडावर आहे, तेही लिहून घेजा." बंधूकाकांनी पेन्सिल काढून लिहून घेतलं. त्यांना वाटलं, केवढी भाविक वस्ती आहे ही.

धुऱ्याला लागूनच आमचा सातरा, म्हणजे मिरच्या वाळवायची मोकळी जागा. डिसेंबरात ती जमीन लाल असते. तिथं आडोशाला तिघांनी झगे चढवले. गावकरी बघत राहिले.

"हे कायले घातलं?" कुणीतरी विचारलं.

"चीक लागू नये म्हणून असंन," वडील समजूतदारपणे म्हणाले.

बंधूकाकांनी सगळ्यांत मोठ्या आंब्यासमोर हात पसरले. इथं ओक नको म्हणून आम्ही प्रार्थना बदलून आणली होती. "हे आम्रराज! हे..." आणि ते शिंकले. मग डॉक्टर शिंकले. मग दोघे मिळून. वाऱ्याची दिशा सातऱ्याकडून होती. गावातल्या कुणालाच काही झालं नव्हतं. शिंपी प्रार्थना पुढं नेऊ बघत होते, पण त्यांनाही "हे आम्र" च्या पलीकडे जाता येईना.

शिंका थांबल्यावर वडिलांनी मूळ मुद्द्याला हात घातला. "साहेब, काढून त आम्हीबी टाकतो. पण ते परत येते. औषध कोणतं मारू ते सांगा."

"मारायचं?" बंधूकाकांनी नाक पुसलं. "छे, छे. आज आपण तिची पूजा करणार आहोत."

"कायची?"

"वंदाकाची."

"ते काय असते?"

बंधूकाकांनी झगा सावरत वर बोट दाखवलं. फांदीच्या बेचक्यात हिरवागार झुबका होता, नारिंगी फुलांनी भरलेला. दिसायला तो सुंदरच दिसतो, हे मी आता कबूल करतो.

वडिलांनी वर पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "ते? ते त बांडगूळ हाय."

शिंपी गावाकडचेच, पण त्यांची अख्खी हयात मशीनवर गेलेली. त्यांना झुबका ओळखता आला नव्हता, शब्द मात्र ओळखता आला. ते झग्यासकट खाली बसले आणि हसू लागले. "म्हणजे बंधू... दर गुरुवारी... काकू..." पुढं त्यांना बोलता येईना.

"काय म्हणतात हे?" बंधूकाकांनी मला विचारलं.

"बंधूकाका," मी म्हणालो. "मिसलटो म्हणजे बांडगूळच. वंदाक हेही त्याचंच नाव. मला लायब्ररीतच कळलं होतं. सांगायची हिंमत झाली नाही."

त्यांनी पुन्हा वर झुबक्याकडे पाहिलं. दीक्षा गेली, मी मनाशी म्हटलं. आणि आता बाहेर खुर्ची धरून उभं राहणंही गेलं. मग ते हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं."

"कोणाला?" डॉक्टर म्हणाले.

"आमच्या घरात. एक धडा वाचला नाही तिनं, आणि..." त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बायकोविषयी त्यांना इतका आदर वाटलेला मी तेव्हाच पाहिला.

पण वडील माझ्याकडे बघत होते. "हे खात्याचे नाहीत काय गा?"

"नाहीत."

"मंग कोणाचे आहेत?"

"कुणाचेच नाहीत, बाबा. हे झाडांना मानणारे लोक आहेत. गुरुवारी जमतात. मला त्यांच्यात जायचं आहे. म्हणजे, त्यांनी घेतलं तर."

"जादूटोणा?"

"नाही," मी म्हणालो. "मॅजिक."

हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, ही देवाची कृपा. "कोणाचं नुकसान करतेत का?"

"नाही. चहा पितात."

वडिलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मागं उभे असलेले गावकरी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तीन वर्षं वाट पाहून, सगळ्यांना बोलावून, त्यांनी त्यांच्यासमोर हे काय उभं केलं होतं, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चाललेला मला दिसत होता. मला ओरडले असते तरी मला ते न्याय्यच वाटलं असतं.

"आले आहेत त काढाच लागते ना," ते शेवटी म्हणाले. "पूजा करून काढा, नाही त शिव्या देऊन काढा. अकराही झाडं करजा पण. एक करून पळू नका."

विधीप्रमाणे बंधूकाका चढायला निघाले. झगा वर खोचला, तीन फूट चढले आणि तिथंच राहिले. ना वर, ना खाली. त्यांना उतरवायला दोघे लागले. वडिलांनी सोनेरी विळा हातात घेतला, अंगठा फिरवला. अंगठा सोनेरी झाला. "धार कुठं आहे याले?" असं म्हणून तो त्यांनी मला परत दिला, आपली कुऱ्हाड खांद्याला अडकवली आणि अनवाणी वर गेले.

"बंधू, नियम," डॉक्टर सातव्या धड्याची पुस्तिका उघडून म्हणाले. "कापणारा शुभ्र वस्त्रात हवा."

"हे धोतर काय हिरवं हाय?" वरून आवाज आला.

आता कापड धरायचं. चार टोकं, चार बंधू. आणि तिथं बंधूकाकांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. कापड फक्त बंधूंनी धरायचं. आम्ही तिघे बंधू. चौथा हा, पण याची दीक्षा नाही. दीक्षा वनस्पती हाती आल्याशिवाय नाही. वनस्पती कापड धरल्याशिवाय नाही. ते पेन्सिल कानाला लावून विचार करू लागले.

"ओ साहेब!" वडील वरून ओरडले. "लाल मुंगळे आहेत इथं. डसून राहिले ना!"

"बंधू, वर माणूस लटकला आहे," डॉक्टर म्हणाले.

"दीक्षा आत्ता," बंधूकाका म्हणाले. "वनस्पती दृष्टिपथात आहे. तेवढं पुरे." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज बदलून विचारलं, "या माणसाला इथं कोणी आणलं?"

याचं उत्तर शिंप्यांनी द्यायचं होतं. पाठ केलं होतं त्यांनी. पण ते तोंड उघडायच्या आत वरून आलं, "मी आणलं! माहा पोरगा आहे तो! मायनं त्याले आणलं तवा मी भिवापूरच्या बाजारात होतो, ते वेगळं!"

बंधूकाकांनी पुस्तिकेत पाहिलं. असं होऊ नये असं तिथं लिहिलं नव्हतं. त्यांनी मला दुसरा प्रश्न विचारला. "कोणाच्या रसावर तू वाढलास?"

याचं ठरलेलं उत्तर होतं, 'वृक्षराजाच्या'. मी ते महिनाभर घोकलं होतं. खानावळीच्या रांगेत, प्रॅक्टिकलच्या टेबलावर. आणि आता माझ्या तोंडून ते निघेना. मला तो प्रश्न तेव्हा पहिल्यांदाच कळला. मी वर पाहिलं. वडिलांच्या टाचा दिसत होत्या, भेगांत लाल तिखटाची धूळ.

"सांग ना गा लवकर!" ते ओरडले. "मिरचीच्या!"

"मिरचीच्या," मी म्हणालो.

गावातले लोक हसले. बंधूकाका हसले नाहीत. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"मिरची वनस्पतीच आहे," डॉक्टर म्हणाले आणि शिंकले.

"स्वीकार्य," बंधूकाका म्हणाले, आणि कापडाचं चौथं टोक माझ्या हातात दिलं.

पहिला झुबका सरळ मध्यभागी पडला, धप्प. तो आमच्यात असा वजनदार येऊन पडला की चौघेही एकमेकांकडे ओढले गेलो आणि डोकी आपटली. मला वाटतं, वर्तुळ म्हणतात ते हेच असावं. निदान त्या दिवशी मला दुसरी व्याख्या सुचली नाही.

पुढची दहा झाडं वडिलांनी आमच्याकडून करून घेतली. चौथ्या झाडापर्यंत मंत्र होते. सहाव्यापासून नुसतं "धरा!" आणि "सोडा!" होतं. झेलायचं मात्र आम्ही शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि वडिलांनाही ते पटलं. बांडगुळाची फळं खाली सांडली नाहीत तर पक्ष्यांचं निम्मं काम कमी होतं, असं त्यांचं मत पडलं. एक झुबका सोडून बाकी सगळं शेळ्यांना घातलं. त्या चघळताना बंधूकाका बघत होते. "शक्ती वाया गेली असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले.

आईनं वरणभात आणि मिरचीचा ठेचा वाढला. तिला कुणीच नीट काही सांगितलं नाही. झगे बघून तिनं मला एका बाजूला घेतलं. "हे लोक बरे आहेत ना गा?"

"बरे आहेत," मी म्हणालो. "आता मीही त्यांच्यातच आहे."

"मंग जेव तूबी त्याइच्याच पंगतीत," ती म्हणाली, आणि माझं ताट तिकडे सरकवलं.

पुढच्या गुरुवारी मी बंगल्यावर गेलो तर दाराच्या चौकटीला तो झुबका टांगलेला होता, फुलं सुकून तपकिरी झालेली. बंधूकाका, डॉक्टर आणि शिंपी आधीच बसले होते. मी खुर्ची धरायला गेलो, मग आठवलं, आणि बसलो.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "चार दिवस झाले पाहून राहिली मी. हे काय टांगून ठेवलं दारावर?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द शोधायचं काम माझंच होतं.

"बांडगूळ आहे, काकू," मी म्हणालो. "खरंखुरं."

त्यांनी झुबक्याकडे पाहिलं. मग यजमानांकडे. बंधूकाका त्यांच्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल लागावा तसे. मला भीती वाटली, आता तो झुबका आणि आम्ही एकदमच बाहेर जाणार. पण त्या आत निघून गेल्या. भांड्यांचा आवाज आला. कपाट उघडल्याचा आला.

"चार बांडगुळं," आतून आवाज आला. "चार चहा."

ट्रे नेहमीसारखाच आदळला. त्यात चार कप-बशा होत्या. चौथी बशी वेगळ्या नक्षीची होती, कप कान तुटलेला. मी सवयीनं तो पेल्यासारखा उचलला, बोटं भाजली आणि निम्मा चहा त्या बशीतच गेला, आणि शिंपी म्हणाले, "बंधू, सांभाळून."